पायांचं काम डोळे करत असतील तर

दापोली तालुक्याच्या किनाऱ्यावरून एका ताईंचं पत्र आलं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

ताईंचे यजमान चाळिशीच्या आतले, स्वतःच्या बोटीवर तांडेल, म्हणजे बोट आणि खलाशी सांभाळणारे म्होरके. गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी त्यांना ताप-सर्दी झाली. ती बरी झाली आणि दहा-बारा दिवसांनी पाठ धरली. कमरेभोवती कुणी पट्टा आवळल्यासारखं वाटू लागलं, दीड दिवसात दोन्ही पाय गळाले, लघवी अडकली. ‘वारं गेलं’ म्हणून दोन दिवस घरी तेलाचं मालिश झालं, मग मुंबई गाठली. एमआरआय झाला, पाठीतलं पाणी काढून तपासलं, पाच दिवस शिरेतून स्टेरॉइड दिलं. आजाराचं नाव ट्रान्सव्हर्स मायलायटिस.

आज आठ महिने झाले. यजमान काठीशिवाय घरात फिरतात. पण लघवी आपली आपण पूर्ण होत नाही, दिवसातून चार वेळा नळी घालावी लागते. ती ताई घालतात आणि हे घराबाहेर कुणालाच माहीत नाही. गावात ‘मणक्यात गॅप आहे’ एवढंच सांगितलंय. आता मासेमारीची बंदी उठली आणि नारळ पडला की बोटीवर जायचंच, असं यजमानांनी ठरवलंय. ताई लिहितात, “डॉक्टर म्हणाले होते, तिघांतला एक पूर्ण बरा होतो, एक अर्धवट, एक खुर्चीत बसतो. हे मधले. म्हणजे आता आहे तेवढंच. सासूबाई म्हणतात, गेल्या वर्षी दर्याला नारळ दिला नाही म्हणून हे झालं. मला वाटतं, माझ्या मालिशमुळे झालं. परवा खळ्यातून येताना ह्यांच्या पायातली चप्पल निसटली, ह्यांना कळलंच नाही, तसेच तापलेल्या कातळावरून चालत आले, तळव्याला फोड. अडवलं तर ह्यांचं मन मरेल, जाऊ दिलं तर जीव जाईल. काय करू?”

ताई,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या चप्पलेपाशी थांबले. बोटीवर जायचं की नाही याचं अर्धंअधिक उत्तर त्या एका वाक्यात आहे. पण आधी तुमच्या मनातला काटा काढते, कारण तो रुतलेला असताना पुढचं काही तुमच्या कानात शिरणार नाही.

मालिशमुळे हा आजार झालेला नाही. तुम्ही तेलाची वाटी हातात घेतलीत तेव्हा तो आधीच सुरू झालेला होता. मणके म्हणजे हाडांची माळ. तिच्या पोकळीतून करंगळीएवढ्या जाडीची मज्जारज्जू खाली जाते. मेंदूचा पायांशी, मूत्राशयाशी, त्वचेशी जो काही निरोप चालतो तो तिच्यातून. एखाद्या साध्या तापानंतर शरीराची संरक्षण करणारी यंत्रणा बिथरते आणि याच रज्जूवर तुटून पडते, तिथे सूज येते. पुष्कळदा नेमकं कारण शेवटपर्यंत सापडत नाही. सूज वाढायला कुणाला चार तास लागतात, कुणाला तीन आठवडे. उपचार लवकर मिळावेत हे खरंच, पण तुम्ही तिसऱ्या-चौथ्या दिवशी मुंबईत होतात. आपल्या भागात पाय गळाले की वारं गेलं म्हणायची रीतच आहे. हा आजार १० लाख लोकांत वर्षाला १ ते ८ जणांना होतो. सोळा लाखांच्या रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला दोन-चार, फार तर डझनभर माणसं. तो तुम्हाला घरच्या घरी ओळखता यायला हवा होता, असं कोण म्हणेल?

हे वाचणाऱ्या इतरांना मात्र मी हात जोडून सांगते. पाय जड होणं, कमरेला किंवा छातीला पट्टा आवळल्यासारखं वाटणं आणि लघवी अडकणं, ही तीन लक्षणं एकत्र दिसली तर तेल, शेक, मणका बसवणारा, काही नको. एमआरआयची सोय असलेलं रुग्णालय गाठा, रात्र असली तरी. कारण सरकलेली चकती, मणक्याचा टीबी, रज्जूवर दाब आणणारी गाठ, यांचीही सुरुवात अशीच दिसू शकते. दाब असेल तर वेळेत केलेल्या शस्त्रक्रियेने पाय वाचतात, आणि दाब नाही हे एमआरआयशिवाय कळत नाही.

सासूबाईंशी वाद घालू नका. मुलाला झालं ते कशामुळे, याचं उत्तर त्या त्यांच्या आयुष्यातल्या शब्दांत शोधतायत. यंदा नारळ द्यायला यजमानांनाच किनाऱ्यावर न्या, सोबत सासूबाईही असू देत. औषध बंद करून अंगारा लावा असं त्या म्हणत नाहीत ना? मग त्यांची भीती हीसुद्धा तुमच्यासारखीच भीती आहे.

आता तो ‘मधला’. डॉक्टरांनी सांगितलेला तिघांचा हिशोब पुस्तकातला आहे, खोटा नाही. पण तो हजारो रुग्णांचा गोळाबेरीज हिशोब आहे. तुमच्या माणसाचं पुढे काय होणार, ते त्यात लिहिलेलं नाही. सुधारणा बहुधा पहिल्या काही आठवड्यांत सुरू होते, पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सगळ्यात वेगाने होते, आणि दोन वर्षांपर्यंत, कधी त्याहीपुढे, हळूहळू चालू राहू शकते. तुमचा तर आठवा महिना आहे. व्यायाम सोडून द्यायची ही वेळच नाही. पत्रात फिजिओथेरपीचा उल्लेख फक्त मुंबईच्या पंधरा दिवसांपुरता आहे, घरी आल्यावर कुणी काही शिकवलं का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. मला शंका आहे की काही शिकवलंच नाही. यजमान चालायला लागले, सगळ्यांना हायसं वाटलं आणि तिथेच थांबलं. असं फार घरांत होतं. चालता येणं म्हणजे बरं होणं, असं आपण धरून चालतो.

म्हणून पुन्हा चप्पलेकडे येते.

माझा मावसभाऊ याच आजारातून उठला होता. पहिल्याच वर्षी गणपतीला घरी आला, आमच्यासारखाच चालत होता, बायका कौतुकाने बघत होत्या. आरती संपली, सगळ्यांनी डोळे मिटून जागच्या जागी गिरकी घेतली. तोही फिरला आणि उभाच्या उभा माझ्या अंगावर कोसळला. समईला धक्का लागला, गणपतीच्या डोक्यावर टांगलेल्या माटवीतली काकडी तुटून पडली. त्याच्या पायांत ताकद होती. पण आपले पाय जमिनीवर कुठे आहेत, ही खबर मेंदूला पोहोचत नव्हती. उघड्या डोळ्यांनी तो जमीन बघून तोल सांभाळत होता. डोळे मिटले आणि पाय हरवले.

तुमच्या यजमानांना चप्पल निसटलेली कळली नाही, कातळ तापलेला कळला नाही, म्हणजे त्यांच्याही पायांचं काम डोळे करत असण्याची दाट शक्यता आहे. आणि ताई, रात्रीच्या दर्यात डोळ्यांना काय दिसतं? पायाखाली हलती ओली फळी, जाळं ओढायची घाई, दोराचा वेढा कुठे पडलाय याचा पत्ता नाही. इंजिनाच्या तापलेल्या पाइपला पोटरी टेकली तरी कळणार नाही. शिंगाळ्याचा काटा तळव्यात मोडला तरी कळणार नाही, चार दिवसांनी पाय सुजल्यावर कळेल. तुमची भीती मनाचा खेळ नाही. पण ‘जीव जाईल’ एवढंच म्हटलंत तर त्यांच्यापाशी त्याला उत्तर आहे, ‘दर्यात जीव रोजच टांगलेला असतो’. म्हणून वाद घालण्यापेक्षा एक चाचणी करून घ्या, ती वाद घालत नाही, दाखवून देते. फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली दोन्ही पाय जुळवून उभं राहायचं आणि डोळे मिटायचे. घरी एकट्याने करू नका, पडतील. तांडेल माणूस आहे, तोल म्हणजे काय हे त्यांना मी सांगायची गरज नाही. स्वतःचा तोल जाताना त्यांना स्वतःला कळू दे.

दुसरी गोष्ट नळीची. याबद्दल मी जास्त लिहिणार आहे, कारण तुमच्या घरातले सगळे निर्णय ती न बोललेली गोष्टच घेते आहे, असं मला वाटतं.

तुम्ही लिहिलंय, “बाहेर जायचं असलं की हे सकाळपासून पाणी पीत नाहीत.” कोकणातल्या उकाड्यात! पाणी कमी, लघवी साठलेली, त्यातून जंतुसंसर्ग, पुढे खडे आणि किडनीला त्रास. शिवाय एक गोष्ट तुम्हाला कदाचित कुणी सांगितली नसेल. या आजारातून उठलेल्या माणसाला नुसता ताप आला किंवा अंग फार तापलं तरी पाय तात्पुरते पुन्हा जड होतात, घट्ट होतात. तो आजार उलटलेला नसतो, अंग निवलं आणि संसर्ग बरा झाला की पाय पूर्वपदावर येतात. खाली संवेदना कमी असल्याने लघवीची जळजळही कळत नाही. लघवीला वास, गढूळपणा, अचानक वाढलेला ताठरपणा, थंडी वाजणं, यांवरच लक्ष ठेवायचं. मात्र नवीनच काही झालं, म्हणजे हात बधिर झाले, एका डोळ्याने धूसर दिसायला लागलं, किंवा पाय जड झालेले एका दिवसानंतरही तसेच राहिले, तर थेट डॉक्टर.

आता बोटीचा विचार करा. आठ-दहा दिवसांची फेरी, सहा-सात खलाशी, आडोसा नाही, गोडं पाणी मोजून वापरायचं, आणि दर चार ते सहा तासांनी स्वच्छ हाताने नळी घालायची. तुम्ही सोबत नसाल. मग यजमान काय करतील? पाणी पिणार नाहीत, नळी टाळतील. तिसऱ्या दिवशी ताप, पाय जड, आणि किनारा कित्येक तास लांब. त्यांनी ठरवलंय बोटीवर जायचं. नळीचं काय करायचं, हे त्यांनी ठरवलंय का? विचारा. रागाने नको, खरोखर उत्तर हवं आहे म्हणून विचारा.

ताई, त्यांचे हात चांगले आहेत. नळी त्यांनी स्वतः घालायला शिकली पाहिजे. आठ महिने तुम्ही ती प्रेमाने घातलीत, पण त्यामुळे ते तुमच्यापासून चार तासांच्या पलीकडे जाऊ शकत नाहीत आणि तुम्हीही माहेरी एक रात्र काढू शकत नाही. मूत्रविकार विभागातली अनुभवी नर्स हे एक-दोन बैठकांत शिकवते. पुरुषाने पुरुषाकडून शिकायचं असेल तर तसं सांगा, ब्रदर असतात. साबणाने हात धुणं, पुरेशी जेली, वेळ पाळणं, एका वेळी चारशे-पाचशे मिलीलिटरपेक्षा जास्त साठू न देणं. पिशवीत दोन नळ्या ठेवल्या की माणूस लग्नालाही जातो, मुंबईलाही. मला तर वाटतं, त्यांना बोटीवर जायचंय याचा एक अर्थ ‘मला या खोलीतून सुटायचंय’ असाही असेल. ती सुटका नळी स्वतः घालण्यापासून सुरू होते.

पत्राच्या शेवटी तुम्ही एक ओळ लिहून खोडली आहे, “आमच्यात आता नवराबायकोचं काही”. मला ती वाचता आली, माफ करा. दिवसातून चार वेळा तुम्ही त्यांची परिचारिका होता, मग रात्री बायको कशी व्हाल? हेही नळी त्यांच्या हाती देण्याचं एक कारण. बाकी, मज्जारज्जूच्या आजारात पुरुषाला येणाऱ्या अडचणींवर औषधं आहेत, डॉक्टरांना हा प्रश्न नवीन नाही. विचारायला लाज वाटत असेल तर चिठ्ठीवर लिहून द्या, ते समजून घेतील.

‘मणक्यात गॅप’ हे सांगणं कसं सुरू झालं ते मी समजू शकते. ते शब्द सगळ्यांना कळतात, पुढचे प्रश्न येत नाहीत. पण त्यामुळे प्रत्येक जण मणका बसवणाऱ्याचा पत्ता देतो, आणि खलाश्यांना वाटतं आठ महिन्यांत गॅप भरली असेल, दादा ओढा दोर. गावाला सगळं सांगायची काही गरज नाही. पण बोटीवरच्या एका विश्वासू माणसाला आणि यजमानांच्या एका भावाला किंवा मित्राला खरं सांगा, यजमानांच्या तोंडून. “मज्जारज्जूला सूज आली होती, पाय बधिर आहेत, लघवीला त्रास आहे.” तीन वाक्यं. हा आजार लागत नाही, साधारणपणे घराण्यातही उतरत नाही, तुमच्या मुलांना त्याची भीती नाही. हेही सांगून टाका, कारण लोक तोंडावर विचारत नाहीत पण मनात तेच असतं.

अडवू की जाऊ देऊ, असं तुम्ही विचारलंत. बोट की बिछाना एवढे दोनच रस्ते तुम्हाला दिसतायत, आणि त्यांनाही. पण तांडेलकी म्हणजे फक्त दोर ओढणं नव्हे, हे तुम्ही बंदरावर वाढलेल्या बाईने मला सांगायला हवं. माशांची जागा, पाण्याची ओढ, वाऱ्याचा रोख, खलाश्यांना धरून ठेवणं, हे त्यांच्या डोक्यात आहे आणि त्या डोक्याला काही झालेलं नाही. माझं मत स्पष्ट आहे. १ ऑगस्टला बंदी उठेल तेव्हा बोट दुसऱ्या तांडेलाच्या हाती द्यावी आणि यजमानांनी बंदर सांभाळावं. बर्फ, डिझेल, लिलाव, हिशोब, जाळ्यांची दुरुस्ती, फोनवरून जागा सांगणं. कमाईतला काही वाटा नव्या तांडेलाला जाईल, ते झोंबेल. पण रोज घराबाहेर पडतील, चार माणसांत बसतील, उन्हाच्या आधी आणि संध्याकाळी काम करतील, दुपारी सावलीत पडतील. या आजारात थकवा फार येतो आणि तो आळस नसतो, हे तुम्हीही लक्षात ठेवा.

दिवाळीनंतर पुन्हा तपासून घ्या. डोळे मिटून उभं राहता येतं का, नळी स्वतः घालतात का, मधल्या काळात संसर्ग झाला का. डॉक्टर आणि फिजिओ हो म्हणाले तर शांत समुद्रात, दिवसाउजेडी, लाइफ जॅकेट घालून, संध्याकाळी परतायची एक फेरी. रात्रीची लांब फेरी त्यानंतरचा विषय, आणि कदाचित तो विषय कधी येणारही नाही. ‘कधीच नाही’ हे आज त्यांना ऐकवू नका, आणि ‘नक्की जाल’ असंही वचन देऊ नका. ‘या ऑगस्टला नाही’ एवढंच खरं आहे.

मुंबईला दाखवायला जाल तेव्हा फाइल काढून दोन गोष्टी विचारा. एक, एक्वापोरिन-४ आणि मॉग या अँटिबॉडींची, म्हणजे आपल्याच मज्जारज्जूवर उलटणाऱ्या रक्तातल्या घटकांची, तपासणी झाली होती का? बहुतेकांना हा आजार एकदाच होतो, पण एक्वापोरिनची अँटिबॉडी सापडली तर तो पुन्हा उलटण्याची शक्यता मोठी असते आणि त्यासाठी दीर्घकाळ औषध घ्यावं लागतं. ती अँटिबॉडी २००४ साली सापडली, तोवर या रुग्णांना रक्ततपासणीने वेगळं काढता येत नव्हतं. दोन, पायांच्या ताठरपणासाठी दिलेली बॅक्लोफेनची गोळी. ती मनाने एकदम बंद करायची नसते, झटके येऊ शकतात. संपायच्या आठवडाभर आधी नवी पट्टी घरात हवी. व्यायामासाठी तालुक्यात फिजिओथेरपिस्ट शोधा, आणि मुंबईत असाल तेव्हा हाजीअलीच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेत एकदा दाखवा. केंद्र सरकारची आहे, १९५५ पासून हेच काम करते. खर्चासाठी महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेत काय बसतं, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा, प्रत्येक गोष्ट बसत नाही. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयात अर्ज करा. २०१६ च्या कायद्यात जुनाट मज्जासंस्थेचे आजार आहेत, आणि सुधारणा चालू असेल तर ठरावीक मुदतीचं प्रमाणपत्रही मिळतं. यजमान ‘मी काय अपंग आहे?’ म्हणतील. म्हणू देत, अर्ज तरीही भरा.

या आठवड्यात मात्र एकच करा. दापोलीच्या बाजारातून मागे टाचेला पट्टा असलेली सँडल आणा, पुढून बंद, अर्धा नंबर मोठी. घालताना आत खडा नाही ना, हे हात घालून बघायचं. आणि रोज रात्री पडवीत दिव्याखाली बसून त्यांनी स्वतःचे तळवे आरशात बघायचे, तो फोड भरेपर्यंत आणि त्यानंतरही.